हवेतलं प्लास्टिक: आकडा ऐकला की आधी काय विचारायचं

ठाण्याहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे, थोडक्यात असा: 'घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर राहतो. घरात दीड वर्षाची मुलगी आहे, दिवसभर जमिनीवरच असते. आपण आठवड्याला एका क्रेडिट कार्डाइतकं प्लास्टिक पोटात घेतो असं वाचलं. दिवसाला ६८ हजार प्लास्टिकचे कण नुसत्या श्वासातून जातात असंही वाचलं. यात खरं किती? पॉलिएस्टरचे पडदे-कपडे काढून टाकावेत का? एअर प्युरिफायर घ्यावा का?'

हवेचे नमुने गोळा करण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. सुरुवातीची बरीच साध्या धुळीत आणि धुरात, अलीकडची प्लास्टिकच्या मागे. तुमच्या दोन आकड्यांपासूनच सुरुवात करते, कारण ते दोन्ही एका जातीचे नाहीत.

क्रेडिट कार्डाचा आकडा सोडून द्या. २०१९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेसाठी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी तो काढला: आठवड्याला सुमारे ५ ग्रॅम. अडचण अशी की निरनिराळ्या अभ्यासांत मोजलेले असतात कण, आणि कणांचं वजन काढायचं तर प्रत्येक कण केवढा हे गृहीत धरावं लागतं. तिथे हात सैल सुटला की उत्तर कुठल्या कुठे जातं. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या गटाने मासे, मीठ, पाणी, दूध, बिअर आणि हवा असे नऊ मार्ग धरून हाच हिशेब पुन्हा मांडला. मोठ्या माणसासाठी त्यांचा मध्यक, म्हणजे मधोमधचा आकडा, आला आठवड्याला ४.१ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग). त्यांनी सगळं अन्न धरलेलं नव्हतं हे खरं, पण दोन उत्तरांत दहा लाख पटींहून जास्त अंतर आहे. तांदळाचा एक दाणा आणि तांदळाचं पंचवीस किलोचं अख्खं पोतं, एवढा हा फरक.

६८ हजारांचा आकडा मात्र प्रामाणिक आहे. २०२५ मध्ये फ्रान्सच्या तुलूझ शहरातल्या संशोधकांनी स्वतःची घरं आणि स्वतःच्या मोटारी यांतली हवा तपासली. घरात घनमीटरला मध्यक ५२८ कण, गाडीच्या आत २,२३८. त्यांतले ९४ टक्के १० मायक्रॉनपेक्षा लहान (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). यावरून त्यांनी दिवसाला ६८ हजार असा अंदाज बांधला. तो १ ते १० मायक्रॉनच्या कणांचा आहे. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे कण कसे ते लक्षात येईल.

आता यालाच वजनाची पट्टी लावून पाहू. हा हिशेब माझा आहे, कागद-पेन्सिल घेऊन तुम्हीही करू शकता. ते ५२८ कण ३ मायक्रॉन व्यासाचे गोळे धरले तर घनमीटर हवेत त्यांचं एकूण वजन भरतं ०.०१ मायक्रोग्रॅमच्याही आत. सगळेच्या सगळे १० मायक्रॉनचे धरले, म्हणजे मुद्दाम फुगवून, तरी पाव ते एक तृतीयांश मायक्रोग्रॅम. आपल्याकडे पीएम २.५ या बारीक धुळीची वर्षाची सरासरी मर्यादा आहे घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, पीएम १० ची ६०. हिवाळ्यात आपल्या शहरांची हवा या आकड्यांच्या कितीतरी वर असते. म्हणजे घोडबंदरला तुमच्या गॅलरीत जी धूळ येते, तिच्यात वजनाने प्लास्टिक चिमूटभरसुद्धा नाही. बाकीचा धूर, डिझेलची काजळी, बांधकामाची माती, जाळलेला कचरा आधीपासून तिथे आहेच आणि तो काय करतो हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

या हिशेबात एक मोठं भोक आहे. त्याकडे येतेच, पण त्याआधी मोजणीबद्दल थोडं.

समुद्रातल्या सूक्ष्म तुकड्यांना 'मायक्रोप्लास्टिक' हे नाव रूढ झालं ते २००४ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या निबंधामुळे. हवेकडे लक्ष जायला पुढे दहाएक वर्षं गेली. पॅरिसमध्ये रशीद द्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमारतीच्या गच्चीवर नरसाळं लावून वरून काय पडतं ते गोळा केलं. २०१६ च्या त्यांच्या निबंधात आकडा होता चौरस मीटरला दिवसाला २ ते ३५५ कण, जवळजवळ सगळे तंतू. त्यातले फक्त २९ टक्के पेट्रोलियमपासून बनलेले. बाकीचे सूत, लोकर आणि व्हिस्कोस. व्हिस्कोस, म्हणजेच रेयॉन, कारखान्यात बनतो पण तो लाकडाच्या लगद्यातून येतो. त्याला प्लास्टिक म्हणायचं की नाही यावर आमच्या क्षेत्रात अजून भांडणं होतात, आणि कोण काय मोजतं त्यावर बातमीतला आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो. पुढे लंडनमध्ये एका नऊमजली इमारतीच्या गच्चीवर ५७५ ते १,००८ कण मिळाले, त्यातले ९२ टक्के तंतू. फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या, माणसांची वस्ती तुरळक असलेल्या पिरेनीज डोंगरात ३६५.

मग लंडनची हवा पॅरिसच्या कित्येक पट वाईट का? तसं म्हणता येत नाही. पॅरिसच्या गटाने साधारण ५० मायक्रॉनपेक्षा मोठे तंतूच मोजले होते. त्याच गटाने २०१७ मध्ये पॅरिसच्या घरांत आणि कचेरीत मोजलं तेव्हा घनमीटरला १ ते ६० तंतू आले. तुलूझकरांना ५२८ कण सापडले कारण त्यांनी रामन यंत्र, म्हणजे लेसरच्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणारं यंत्र, लावून १ मायक्रॉनपर्यंत नजर पोचवली. चाळणी जितकी बारीक तितकं वर जास्त उरणार. म्हणून प्लास्टिकचा कुठलाही आकडा ऐकला की मी पहिला प्रश्न विचारते: किती मायक्रॉनपर्यंत मोजलंत? दुसरा: तुमचा कोरा नमुना कसा आला?

कोरा नमुना म्हणजे हवा न ओढता, बाकी सगळे सोपस्कार तसेच करून तपासलेला फिल्टर. त्यावर जे सापडतं ते हवेतलं नसतं, आपल्या हातून पडलेलं असतं. आमच्याकडे एका डिसेंबरात प्रत्येक फिल्टरवर निळे तंतू सापडायला लागले. रस्त्याकडेचा नमुना असो, बागेतला असो, निळं आहेच. दोन आठवडे आम्ही शहरात निळं काय उडतंय याचा शोध घेत होतो. मग कोऱ्या फिल्टरवरही तेच निघालं आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. थंडीमुळे मी रोज फ्लीसचं, म्हणजे पॉलिएस्टरच्या लोकरीचं, निळं जाकीट एप्रनच्या आत घालून येत होते, बाह्या बाहेर डोकावायच्या. तो सगळा महिना फुकट गेला. तेव्हापासून प्रयोगशाळेत सुती कपडे, काचेची भांडी आणि झाकायला अ‍ॅल्युमिनियमचा कागद. गंमत अशी की पीएम २.५ मोजायच्या यंत्रातला प्रचलित फिल्टर स्वतःच टेफ्लॉनचा असतो, म्हणजे प्लास्टिक मोजायला प्लास्टिकचीच गाळणी.

आता ते भोक. ते आहे टायर.

टायर म्हणजे नैसर्गिक रबर, पेट्रोलियमपासून केलेलं कृत्रिम रबर, काजळी आणि बरीच रसायनं. नवा टायर आणि गुळगुळीत झालेला टायर यांच्या वजनात जो फरक, तो रस्त्यावर सांडलेला असतो. २०१७ च्या एका जागतिक अंदाजानुसार माणशी वर्षाला सरासरी ०.८१ किलो. अमेरिकेत ४.७ किलो, भारतात ०.२३ किलो, म्हणजे त्या यादीत आपण सगळ्यात खाली. पण तो देशाचा आकडा आहे. गावात बैलगाडीने जाणाऱ्यालाही त्यात वाटा दिलेला आहे. घोडबंदरच्या चढावर ब्रेक मारत सरकणाऱ्या कंटेनरांच्या शेजारी राहणाऱ्याला तो लागू नाही.

हे कण नेहमीच्या मोजणीत सापडत नाहीत. आम्ही प्लास्टिक ओळखतो ते बहुधा अवरक्त किरणांनी, आणि काजळीमुळे टायरचा कण ते किरण गिळून टाकतो. यंत्राला दिसतो तो एक काळा ठिपका, नाव-गाव नसलेला. त्यामुळे बहुतेक अभ्यासांत टायर गळतात आणि 'हवेत मुख्यतः कपड्यांचे तंतू असतात' असा निष्कर्ष येतो. टायर मोजायचे तर नमुना भाजून त्यातून निघणारे वायू तपासावे लागतात, ते खर्चाचं काम. अमेरिकेच्या पश्चिम भागासाठी २०२१ मध्ये एका गटाने प्रतिमान (गणिती मॉडेल) मांडून पाहिलं तेव्हा हवेतल्या मायक्रोप्लास्टिकपैकी ८४ टक्के रस्त्यांवरून उडालेलं असावं असं निघालं. त्यात टायर-ब्रेकची झीज आली आणि चाकांखाली भरडला जाणारा कचराही आला.

टायरची बहुतेक भुकटी जड असते, ती रस्त्याच्या कडेला बसते. दुभाजकाच्या कट्ट्यावरून बोट फिरवलंत तर जी काळी, किंचित चिकट धूळ लागते, तिच्यात ती असते. बारीक भाग हवेत राहतो. पावसाळ्यात हा सगळा थर गटारात आणि तिथून खाडीत. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पाऊस पडला की ओढ्यांतले कोहो सॅमन मासे पटापट का मरतात याचं उत्तर अनेक वर्षं सापडत नव्हतं. २०२० मध्ये सापडलं: टायर तडकू नये म्हणून घालतात त्या ६पीपीडी या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन जे तयार होतं, ते त्या माशांना विष आहे. आपल्या खाडीतल्या बोय-निवट्यांसारख्या माशांना त्याने काय होतं हे कुणीतरी तपासायला हवं.

गाडी विजेवर चालली म्हणून टायर झिजायचा थांबत नाही. बॅटरीचं वजन जास्त, म्हणून झीज उलट वाढू शकते. युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांत टायरच्या झिजेवर मर्यादा घालायची तरतूद पहिल्यांदा आली. आपल्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकं आहेत, त्यात टायर नाही आणि प्लास्टिकही नाही. पीएमच्या वजनात ते मुकाट मोजलं जातं, एवढंच.

आपल्याकडच्या काही स्रोतांचा उल्लेख पाश्चात्त्य निबंधांत मिळायचा नाही. ताडपत्री घ्या. मे संपता संपता मुंबई-ठाण्यातल्या चाळी आणि झोपड्यांवर निळी ताडपत्री चढते आणि पुष्कळदा पुढच्या मेपर्यंत उतरत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ती रापते, कडक होते, आणि मार्चमध्ये हातात घेतली तर बोटांवर निळसर पीठ येतं. ते पीठ म्हणजेच मायक्रोप्लास्टिक. अतिनील किरणांनी पॉलिथिनच्या साखळ्या तुटतात, बाकीचं काम वारा करतो. बांधकामाची हिरवी जाळीही तशीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने धूळ रोखण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत इमारत हिरव्या कापडाने, तागाने किंवा ताडपत्रीने झाकायला सांगितलं आहे. झाकायलाच हवं, सिमेंटची धूळ फुप्फुसाला जास्त वाईट. पण दोन-तीन वर्षं तीच जाळी फडफडत चिंध्या होईपर्यंत ठेवतात, तेव्हा एक धूळ रोखताना दुसरी सुरू होते. तागाला परवानगी आहे, बिल्डर ताग वापरत नाहीत. तुमच्या समोर टॉवर उभा राहत असेल तर सोसायटीतर्फे फाटकी जाळी बदलायला लावा, हे पडदे बदलण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

नागपूरच्या रस्त्याकडेच्या धुळीत सूक्ष्मप्लास्टिक किती याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, शहर आणि खेडं अशी तुलना करून. महाराष्ट्रातल्या बाकी शहरांसाठी असं काम व्हायला हवं, तेही निदान तिन्ही ऋतूंत. पावसाळ्यातला नमुना आणि फेब्रुवारीतला नमुना ही दोन वेगळी शहरं असतात.

आता घरात येऊ. कौलाच्या फटीतून येणारा कवडसा ज्यांनी लहानपणी पाहिला आहे त्यांना त्यात तरंगणारे कण आठवतील. तेव्हाच्या त्या कणांत सूत असायचं, चुलीची राख, कातडीचे पापुद्रे, कणकेचं पीठ. आजच्या कवडशात यातलं बरंचसं तसंच आहे, भर पडली ती पॉलिएस्टरची. सोफ्याचं कापड, पडदे, डबल बेडवरचं गुबगुबीत ब्लँकेट, लेगिंग, सॉफ्ट टॉय. वॉशिंग मशिनमधून तंतू सुटतात हे सगळ्यांना माहीत झालंय. कपडा नुसता अंगावर घालून वावरलं तरी ते सुटतात, आणि थेट हवेत सुटतात. पॅरिसच्या मोजणीत घरातली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तंतूंची होती: बाहेर घनमीटरला ०.३ ते १.५, आत १ ते ६०. आपल्या घरांची दारं-खिडक्या उघडी असतात आणि डोक्यावर पंखा असतो, त्यामुळे आपला हिशेब वेगळा येईल. पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडेला जी करडी लव साचते ती भिंगाखाली पाहिली आहे. गालिच्यासारखी दिसते, रंगीबेरंगी.

हे फुप्फुसात जातं का? २०२१ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत शवविच्छेदनातल्या २० जणांच्या फुप्फुसांपैकी १३ मध्ये प्लास्टिक सापडलं. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या १३ नमुन्यांपैकी ११ मध्ये. जातं, यात शंका राहिली नाही. जाऊन काय करतं, इथे पाय जपून टाकावा लागतो. कपड्याचा साधा पॉलिएस्टर तंतू १० ते २० मायक्रॉन जाड असतो. तंतू किती आत पोचणार हे त्याच्या लांबीपेक्षा जाडीवर ठरतं, आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचण्यासाठी ३ मायक्रॉनपेक्षा बारीक असावं लागतं असा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना निकष आहे, अ‍ॅस्बेस्टॉससाठी केलेला. म्हणजे बहुसंख्य तंतू नाकात-घशात अडकतात, शेंबडाबरोबर बाहेर येतात किंवा गिळले जातात. तळाशी जातात ते तुकडे आणि चिंध्या.

याचा धडा कारखान्यांनी दिला आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात नायलॉन फ्लॉकच्या कामगारांना खोकला आणि दम लागायला लागला. दागिन्यांच्या डबीत मखमलीसारखं अस्तर असतं ना, ते बहुधा फ्लॉकचंच. फ्लॉकचे तंतू एवढे जाड की आत जायला नकोत, पण फिरत्या पात्याने कापताना त्यांच्या टोकांचे बारीक झुपके सुटत होते आणि तेच तळाशी बसत होते. कामगारांच्या फुप्फुसांना सूज येऊन ती घट्ट होत गेली आणि या आजाराला स्वतःचं नाव मिळालं. त्याआधी १९७५ मध्ये पोर्तुगालच्या डॉक्टरांनी कृत्रिम धाग्याच्या कामगारांबद्दल हेच लिहिलं होतं. त्यांच्या श्वासात जे जायचं ते तुमच्या दिवाणखान्याच्या कित्येक पट होतं, म्हणून ते निष्कर्ष उचलून घरात आणून ठेवू नयेत. पण प्लास्टिकच्या श्वासाची चिंता कुणाची आधी करायची, तर भिवंडीत पॉलिएस्टरचं ग्रे (न रंगवलेलं) कापड विणणाऱ्या मागावर बारा तास उभा असतो त्याची, आणि पहाटे रस्ता झाडणाऱ्या सफाई कामगाराची. त्यांच्या फुप्फुसांची तपासणी करायला रामन यंत्र लागत नाही, फुंकर मारून श्वासाची ताकद मोजायचा स्पायरोमीटर पुरतो.

बाकीच्या बातम्यांविषयी: मानेच्या धमनीतल्या थरात प्लास्टिक सापडलेल्या रुग्णांना पुढे हृदयविकार-पक्षाघाताचं प्रमाण जास्त होतं, हा २०२४ चा इटलीतला अभ्यास गंभीरपणे घेण्यासारखा आहे, जरी त्याने कारण सिद्ध होत नाही. मेंदूत प्लास्टिक सापडल्याचा २०२५ चा निबंध मी हात राखून वाचते. नमुना भाजून पॉलिथिन मोजताना ऊतीतली चरबीही तशीच खूण देते, ही त्या पद्धतीची ओळखीची अडचण आहे.

तर तुमच्या घराबद्दल. दीड वर्षाच्या मुलीचा प्रश्न श्वासाइतकाच हाताचा आहे. ती जमिनीवरची धूळ हाताला लावून तोंडात घालते, आणि तंतू शेवटी जमिनीवरच बसतात. म्हणून नेहमीचा क्रम उलटा करून बघा: आधी ओलं फडकं, मग झाडू. कोरड्या फुलझाडूने बसलेलं सगळं पुन्हा हवेत जातं आणि अर्ध्या तासाने तिथेच येऊन बसतं. झाडून झाल्यावर उन्हाच्या तिरिपेत बघा, दिसेल. पंखा पंधरवड्याला पुसायचा तर तोही ओल्या फडक्याने, खाली जुनी चादर अंथरून, मुलगी दुसऱ्या खोलीत असताना. फडक्याचं पाणी मोरीत जातं, म्हणजे प्लास्टिक खाडीच्या वाटेला लागतं, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

आहेत ते पडदे-कपडे फेकू नका. जुना, धुऊन धुऊन सपाट झालेला पॉलिएस्टर शर्ट फारसा सोडत नाही. नवा लोकरी दिसणारा फ्लीस सोडतो. पुढच्या वेळी तिच्यासाठी पांघरूण घ्याल तेव्हा सोलापुरी सुती चादर घ्या, आणि ते केसाळ ब्लँकेट बेडरूममधून हलवा. सॉफ्ट टॉय दोन ठेवा, वीस नकोत.

प्युरिफायर घ्यायचाच असेल तर प्लास्टिकसाठी घेऊ नका. हेपा फिल्टर बारीक कण उत्तम पकडतो, पण मोठे तंतू त्याच्यापर्यंत पोचायच्या आत खाली बसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, तुमच्या भागातला पीएम २.५ चढलेला असताना, मुलीच्या झोपायच्या खोलीत खिडक्या बंद करून तो लावला तर धुरासाठी त्याचा उपयोग होईल आणि त्या धुरासोबत प्लास्टिकचे बारीक कणही निघतील. खोलीच्या मापाचा घ्या, फिल्टर बदलायचा खर्च आधी विचारा. आणि सकाळी सोसायटीच्या मागे कुणी पानांबरोबर पिशव्या जाळत असेल तर आधी खाली उतरून ते थांबवा, कारण उघड्यावर कचरा जाळायला नियमांनी बंदी आहे आणि तो धूर सातव्या मजल्यावर सरळ वर येतो.